डाळिंबवालीचा चेहरा

१

मंगळवारी दुपारी पेलिन किंचाळली तेव्हा माझ्या मनात एकच आलं, इल्गन खिडकीतून पडली.

दोन वर्षांत माझं डोकं दुसरीकडे जायचंच विसरलंय. मी कामाच्या खोलीतल्या बेसिनपाशी कुंचले धूत होते, ते तसेच टाकून धावले. खिडकी बंद होती. खिडकीखालच्या बुटक्या टेबलापाशी माझी अडीच वर्षांची लेक उभी होती. अनवाणी, नुकती झोपेतून उठलेली, एक मोजा हातात. आणि पेलिन टेबलाकडे बोट दाखवत होती.

टेबलावर डाळिंबवाली होती. तिला चेहरा नव्हता.

निळा झगा होता. हातातलं फुटलेलं डाळिंब होतं. चारी बाजूंची सोनेरी नक्षी होती. मानेच्या वर मात्र एक ओला, पांढुरका डाग. तळहाताएवढं ते चित्र तीनशे वर्षांपूर्वीचं. त्याचे मालक नुस्रेत बेय, त्यांच्या घरात ते चार पिढ्या होतं, आणि तिच्या गालावरच्या तिळाची त्या घरातल्या प्रत्येक लेकीसुनेने आरशात नक्कल केली होती, असं ते स्वतः सांगायचे. तो गाल, तो तीळ, ते डोळे, सगळं गेलं होतं.

"हिनेच केलं," पेलिन म्हणाली. "बघ ना, बोट अजून तोंडात आहे."

फेरुह बेय जिना चढून आले ते हातात पावाची पुडी घेऊन. बघितलं आणि पुडी छातीशी धरून उभे राहिले. मग आतल्या खोलीतून बेहिजे हानम आल्या. नमाज नुकती संपली होती, डोक्यावरची ओढणी अजून तशीच होती. त्या दारातच थांबल्या. तिथूनच टेबलाकडे पाहिलं, आपल्या खुर्चीपर्यंत गेल्या आणि बसल्या.

"लहान मूल आहे," त्या म्हणाल्या. "त्याला काय कळतं? निहान, तिला मोजे घाल. फरशी गार आहे."

बस, एवढंच. मला ओरडून बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मी इल्गनला उचलून बेसिनपाशी नेलं. तेव्हा तिच्या उजव्या बाहीच्या कडेला काहीतरी चिकटलेलं दिसलं. गुलाबीसर, नखाएवढं. मी मागे वळून पाहिलं. कुणी बघत नव्हतं.

मी नळ सोडला आणि ती बाही घासून घासून धुतली.

२

आमचं काम उस्कुदार भागातल्या चढावर, दुलया शिवणाऱ्याच्या दुकानावरच्या मजल्यावर चालतं. जुनी चित्रं, जुनी पानं आमच्याकडे दुरुस्तीला येतात, नवीही होतात. आम्ही चौघं. कागदाचं सगळं फेरुह बेयांकडे. ते जुने कागद सांभाळतात, रंगवतात, त्यांना खळ लावतात. पेलिन चेहरे काढते. सव्वीस वर्षांची आहे आणि आपला हात सगळ्यांत चांगला आहे हे तिला फारच नीट माहीत आहे. मी कडेची सोनेरी नक्षी भरते. आणि हे सगळं ज्यांचं त्या बेहिजे हानम, वय एकाहत्तर; आम्ही त्यांना नुसतं हानम म्हणतो, बाई म्हणावं तसं. खोटी चित्रं खरी म्हणून विकणाऱ्यांविरुद्ध कोर्टात साक्ष द्यायला आजवर त्यांनाच बोलावलं जायचं.

माझा नवरा मालवाहू जहाजावर असतो, वर्षातले नऊ महिने. इल्गनला कुठे ठेवू, म्हणून मी दोन ठिकाणचं काम सोडलं, तिसऱ्याने दारातूनच परत पाठवलं. हानम म्हणाल्या होत्या, "आण की. आम्हीपण कुणाच्या तरी टेबलाखालीच वाढलो." त्या दिवशी मी परतीच्या बोटीत रडले होते, चांगल्या अर्थाने.

डाळिंबवाली दोन महिन्यांपूर्वी आली होती, फक्त कडेचं उडालेलं सोनं भरायला. शुक्रवारी तीन वाजता नुस्रेत बेय ती घेऊन जाणार होते. मंगळवारी संध्याकाळी हानमनी त्यांना फोन केला. काय झालं ते दोन वाक्यांत सांगितलं आणि बराच वेळ नुसतं ऐकलं.

"शुक्रवारीच येतायत," त्यांनी फोन ठेवून सांगितलं. "बरोबर विमा कंपनीचा माणूस असेल. खोलीत कोण होतं, कसं झालं, लेखी द्यायचंय."

"नुसतं लहान मूल असं लिहिलं तर चालेल?" फेरुह बेयांनी विचारलं.

"नाव लागतं," पेलिन म्हणाली. "मुलाचं नाव, आईचं नाव, आई त्या वेळी काय करत होती. माझ्या काकाचं दुकान जळलं तेव्हा बघितलंय मी."

म्हणजे इल्गनचं नाव कागदावर येणार. या शहरात आमच्या कामाची माणसं मूठभर, सगळी सगळ्यांना ओळखणारी. तीनशे वर्षांचं चित्र पुसलेली पोर आणि तिची बेसावध आई. पुढच्या कुठल्या दारात आम्हाला कुणी उभं केलं असतं?

बोटीत बसलो तरी इल्गन हात मांडीखाली दाबून बसली होती. मी तिच्यापुढे बिस्किट धरलं.

"हात नाही," ती म्हणाली, आणि तोंड पुढे केलं.

मी तिला भरवलं. समोर पाणी करडं दिसत होतं. डोळे मिटले तर लगेच झोप लागली असती इतकी थकले होते, पण एक गोष्ट मला झोपू देईना. बेहिजे हानम भाजीवाल्याने दिलेली कोथिंबीर भिंगाखाली धरून बघतात. दोन महिन्यांपूर्वी डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हापासून भिंग गळ्यातच असतं. आणि आयुष्यातलं सगळ्यांत मोठं नुकसान पाच पावलांवर पडलेलं असताना, काही वाचवता येईल का, एवढं तरी बघायला नको?

त्यांनी भिंग उचललंच नव्हतं.

३

बुधवारी मी फेरुह बेयांना कागदाच्या खोलीत गाठलं. इल्गन माझ्या पायाशी, हात पाठीमागे बांधून, एखाद्या तपासनिसासारखी उभी.

"फेरुह बेय, खळीबद्दल एक विचारायचंय."

"दोन वर्षांनी? मला वाटलं होतं तुला सोन्यापलीकडे काही दिसतच नाही." ते जुन्या पुठ्ठ्यावरची धूळ झाडत होते. "विचार."

"ओलं बोट लागलं तर काय होतं?"

"खळ जुनी असेल तर रंग फिसकटतो. वरचा रंग बोटावर येतो, खालची खळ जागची हलत नाही. अंड्याचं पांढरं आणि तुरटी, वर्ष गेलं की काचेसारखी होते ती. म्हणून तर मी एप्रिलमध्ये लावतो आणि पुढच्या एप्रिलपर्यंत कुणाला हात लावू देत नाही. पेलिन दर महिन्याला भीक मागते, तरी देत नाही."

"आणि ताजी असेल तर?"

"ताजी असेल तर पाणी लागलं की साय निघावी तशी निघते, रंगासकट. खाली कोरा कागद." ते थांबले. "का गं?"

मला इल्गनची बाही दिसत होती. त्या बाहीवर रंग फासलेला नव्हता. पापुद्रा होता, उकडलेल्या अंड्याच्या टरफलाखाली असतो तसा. आणि तो मी माझ्या हाताने नळाखाली धरला होता.

"डाळिंबवालीचं ते पान बघायला मिळेल का?" मी विचारलं.

"हानमच्या कपाटात आहे, कुलपात. मी काल म्हटलं, बघतो काही जमतं का. तर म्हणाल्या, फेरुह, मेलेल्याची नाडी काय बघतोस?" त्यांनी दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "आता तू विचारलंसच म्हणून सांगतो. कुठे बोलू नकोस. माझा एक कागद गेलाय."

"कुठला?"

"एका जुन्या पोथीच्या शेवटचं कोरं पान. डाळिंबवालीच्याच काळातलं. कच्चं होतं, खळ न लावलेलं, म्हणून कुणाच्या उपयोगाचं नव्हतं. तीन आठवडे झाले असतील."

"आणि तुम्ही गप्प बसलात?"

"चावी माझ्याकडे असते, पोरी. चोर कोण म्हणून आधी कुणाकडे बघतील?" त्यांनी झटकन पुठ्ठा खाली ठेवला. "शिवाय मला वाटलं, पेलिनने घेतलं असेल. तिला मी अधूनमधून फाटकी पानं देतो. कशाला ते तिलाच विचार."

४

पेलिन खाली दुलईवाल्याच्या पायरीवर बसून चहा पीत होती.

"तू जुनी पानं कशाला घेतेस?"

"फेरुहने तोंड उघडलं वाटतं." तिने कप खाली ठेवला. "उंट काढते. उंट, जहाजं, पगडीवाले. जुन्या अक्षरांच्या पानावर एक उंट काढला की पर्यटक डोळे मोठे करून घेऊन जातो. आता सांग जा हानमना. त्या मला जिन्यावरून ढकलून देतील."

"उंट?"

"हसू नकोस. महिन्याचं घरभाडं उंटच भरतात."

"आणि डाळिंबवाली? तिचीही नक्कल केलीस?"

पेलिनने माझ्याकडे रोखून पाहिलं. मी अंदाजाने बोलले होते, पण आता मागे घेणं शक्य नव्हतं. मला वाटत होतं ते असं. टेबलावरचं पान खरं नव्हतंच. जुन्या कच्च्या कागदाला कुणीतरी घाईने खळ लावली, त्यावर डाळिंबवाली उतरवली, आणि खरी उचलून नेली. पान कामाला आलं की त्यावर पारदर्शक कागद ठेवून रेषा उतरवायच्या, मग तो कागद सुईने टोचून खाका आम्ही करतोच, कोळशाची पूड चोपडली की बाह्यरेषा नव्या कागदावर जशीच्या तशी उतरते. खाका सगळ्यांच्या हाताशी होता. असा चेहरा काढणारा हात मात्र एकच होता.

"मी?" पेलिन म्हणाली. "मी नक्कल केली असती तर चेहरा पुसला गेल्यावर किंचाळले असते? खुशीत घरी गेले असते. नशीबच फळफळलं असतं माझं, पुरावा पोरीने खाल्ला!"

जिने खोटं पान ठेवलं तिला ते पुसलं गेल्याचं दुःख होणार नव्हतं. सुटकाच वाटली असती. पेलिनचा चेहरा मंगळवारी पांढराफटक पडला होता. सुटल्यासारखं शांत दुसरंच कुणीतरी बसलं होतं.

"आणि खरं सांगू?" पेलिनचा आवाज आता खाली आला. "मला वाटलं होतं हानमचं काहीतरी चाललंय. त्यांना ऑपरेशनपासून पिवळं नीट कळत नाही. मागे एकदा मला म्हणाल्या, त्या चेहऱ्याचा रंग कालवून दे, जुना पांढरा, हस्तिदंतासारखा. मी दिला."

"मग?"

"मग काय? आपल्याकडे नक्षी आली होती दुरुस्तीला. चेहऱ्याचा रंग कशाला हवा होता त्यांना?"

५

मला हे पुढे शोधायचं नव्हतं. गुरुवारचा अख्खा दिवस मी मान खाली घालून सोनं घोटलं. हानम खिडकीशी बसून होत्या. एकदा त्यांनी इल्गनला जवळ बोलावलं, तिच्या खिशात बेदाणे टाकले. इल्गनने हात पुढे केला नाही, खिसा पुढे केला. हानमनी ते पाहिलं आणि तोंड खिडकीकडे वळवलं.

संध्याकाळी घरी मी दूध तापवलं, अंडं फोडलं. खीर करून देऊ म्हटलं, दोन दिवस पोर धड जेवली नव्हती. भांड्यात पिवळं पडताच इल्गनने स्टुलावरून जाहीर केलं, "पिवळं नको. नेनेचं पिवळं नको."

बेहिजे हानमना ती नेने म्हणते, आजी.

माझा चमचा हातातच राहिला.

तीन आठवड्यांपूर्वीचा शनिवार. हानमनी माझ्या हातात काचेची बरणी दिली होती. आत आठ पिवळे बलक, एकाला एक लागलेले. "डॉक्टरने पिवळं बंद केलंय गं. फेकायचं जिवावर येतं. पोरीला खाऊ घाल." मी कौतुकाने आणली, आठवडाभर खीर, केक, पुन्हा खीर. इल्गनला शेवटी बलक बघूनच उमासे यायला लागले.

पण डॉक्टरने पिवळं बंद केलं असतं तर बरणी दर आठवड्याला आली असती. ती एकदाच आली. आणि एकटी राहणारी एकाहत्तर वर्षांची बाई एका दिवशी आठ अंड्यांचं पांढरं खाऊन करणार काय?

कागदाला लावणार. दोन्ही बाजूंनी, तीन-तीन हात.

फेरुह बेयांनी काल सांगितलं नसतं, तरी एक गोष्ट मला हानमनीच पहिल्या आठवड्यात शिकवली होती, की खळ लावलेल्या कागदाला वर्ष द्यायचं, मग तुझं कितीही अडलेलं असो. त्या बाईने ही चूक केली असेल तर अडलेलं काहीतरी फार मोठं होतं.

मी गॅस बंद केला. इल्गन म्हणाली, "पाव?" मी तिला पाव दिला.

मी गप्प राहिले तर इल्गनचं नाव लागणार होतं. बोलले तर ज्या एका दाराने आम्हाला आत घेतलं ते बंद होणार होतं. यात शहाणपणाचं काय, हे मला त्या वेळी कुणी सांगितलं असतं तर मी ते मुकाट्याने केलं असतं.

६

शुक्रवारी मी आठ वाजताच गेले. हानम आधीच आल्या होत्या. चहाचं पाणी उकळत होतं.

"हानम, आधी माझं सांगते," मी म्हटलं. बसले नाही. बसले असते तर धीर गेला असता. "मंगळवारी इल्गनच्या बाहीला काहीतरी लागलं होतं. मी ते धुऊन टाकलं. चेहरा तिनेच पुसला."

"माहीत आहे."

"बाहीला रंग नव्हता लागला. पापुद्रा होता."

त्यांनी चहाची पूड टाकली आणि झाकण ठेवलं.

"कपाटातलं पान काढा," मी म्हटलं. "त्याच्या कोपऱ्यावर मला पाण्याचा एक थेंब टाकू द्या. खळ जागची हलली नाही, तर इल्गनचं नाव मी माझ्या हाताने लिहिते आणि आत्ताच्या आत्ता निघून जाते."

त्यांनी गॅस बारीक केला.

"थेंब कशाला वाया घालवतेस?" त्या म्हणाल्या.

मग मी बसले. फेरुह बेयांचा कच्चा कागद, पेलिनने कालवलेला रंग, आठ बलक, न उचललेलं भिंग, सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाच दुरुस्ती केली. "नऊ होती. एक फुटलं."

"पण का, हानम? तुम्ही?"

"माशा," त्या म्हणाल्या.

मला कळलं नाही.

"जुन्या पानावर माशा बसून गेलेल्या असतात, बारीक काळे ठिपके. कापसाला थुंकी लावायची आणि अलगद टिपायचे. पन्नास वर्षं करतेय मी हे. नक्षी झाली, म्हटलं जाता जाता पान साफ करून देऊ. टिपत टिपत गेले. शेवटचा ठिपका गालावर होता." त्यांनी स्वतःच्या गालावर बोट ठेवलं. "माशी समजून मी तिचा तीळ टिपला, निहान. कापूस उचलला तर तिळासोबत गालही आला."

मी कुलूप लावलेल्या कपाटाकडे पाहिलं.

"तिथे ठिगळ लावता येत नाही. तिरप्या उजेडात धरलं की शेंबडं पोरही सांगेल. आणि मेलेल्या उस्तादाच्या चेहऱ्यावर आपला रंग चढवायचा नसतो. मग मी अख्खीच नवी काढली. घरी बसून. आणली ती मंगळवारी, सपाट व्हायला टेबलावर ठेवली, आणि नमाज पढायला गेले." त्या हसल्या, पण हसण्यात काही नव्हतं. "वर्षभर थांबायचं मला कळत नव्हतं का? शुक्रवार थांबत नव्हता."

"आणि इल्गन?"

"मी तिच्यावर काही ढकललं नाही."

"गप्प बसलात."

"गप्प बसले." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, डोळ्यांकडे नाही, कपाळाच्या आसपास. "त्या रात्री मला झोप लागली. तीन आठवड्यांनी पहिल्यांदा. झोपेसाठी माणूस काय काय करतं, ते तुला तरी सांगायला नको."

खरं होतं ते. म्हणूनच मला जास्त राग आला.

"तिचं नाव लागता कामा नये," मी म्हटलं.

"माझं लागलं की हे दार बंद. मग तिला घेऊन कुठे जाशील, विचार केलास?"

"तीन दिवस तोच केला."

"मग?"

"नाव लागता कामा नये."

त्यांनी दोन पेल्यांत चहा ओतला. एक माझ्याकडे सरकवला. त्यांचा हात अगदी स्थिर होता.

७

नुस्रेत बेय बरोबर तीनला आले, काळा कोट, हातात टोपी. बरोबर विम्याचा माणूस होता, त्याला सर्दी झालेली. इल्गनला मी पेलिनबरोबर खाली पाठवलं होतं.

हानमनी टेबलावर दोन पानं ठेवली. एकाला चेहरा नव्हता. दुसऱ्याला होता, फक्त डाव्या गालावर तांदळाच्या दाण्याएवढी पांढरी जागा. त्यांनी जसं मला सांगितलं तसंच सांगितलं, माशांपासून शुक्रवारपर्यंत. फेरुह बेय दारात उभे होते. मध्येच त्यांनी भिंतीला हात टेकला.

नुस्रेत बेयांनी खरं पान उचललं आणि आमच्याकडे पाठ करून खिडकीशी नेलं.

"काय करतोय?" हानमनी मला हळूच विचारलं. "मला इतक्या लांबचं दिसत नाही."

"बघतायत."

"अजून?"

"हो."

"तोंडावर काय दिसतंय?"

मी थोडी पुढे सरकले. "काही नाही, हानम. थकल्यासारखे दिसतायत."

नुस्रेत बेय वळले. "त्या दिवशीच फोन केला असतात तर," ते म्हणाले.

"तर काय केलं असतं तुम्ही?"

त्यांनी विचार केला. "माहीत नाही. ओरडलो असतो. पण हे मी झाकून ठेवणार नाही, बेहिजे हानम. जे विचारतील त्यांना सांगणार."

"सांगा. मीही सांगणार आहे."

विम्याच्या माणसाने नाक पुसून कागद पुढे ओढला. "म्हणजे मंगळवारच्या घटनेचं... त्या लहान मुलीचं पूर्ण नाव काय?"

मी एक पाऊल पुढे आले.

"तिचं नाव कशाला?" हानम म्हणाल्या. "तिने पुसलं ते नुस्रेत बेयांचं नव्हतं. माझं होतं, आणि पुसण्याच्याच लायकीचं होतं. माझं नाव लिहा." आणि त्यांनी आपलं नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट, सावकाश, त्याला सर्दीत ऐकू येईल असं.

ते दोघं गेले. फेरुह बेय कागदाच्या खोलीत गेले आणि दार लोटून घेतलं. जिन्यात पेलिनचा आवाज आला, इल्गनला पायऱ्या मोजायला लावत होती.

हानम खुर्चीत बसून होत्या. ओढणी खांद्यावर घसरली होती, ती त्यांनी सारखी केली नाही. मी माझी पिशवी उचलली. राग होता, पण तो उभा करायला अंगात काही उरलं नव्हतं.

"सोमवारी नऊला ये," त्या म्हणाल्या. "कागद बांधायचेत. सगळं आवरून दार बंद करायला महिना तरी जाईल."

"येते."

"पोरीलाही आण. ठेवणार कुठे तिला?"